ठिगळ आणि रफू

दिवाळीच्या आधी घराघरांत जी झाडलोट होते तिला आपण साफसफाई म्हणतो खरे. पण वस्तुतः तो घरातल्या वस्तूंचा वार्षिक न्यायनिवाडा असतो. माळ्यावरून, कोनाड्यांतून, पलंगाखालून एकेक वस्तू बाहेर येते आणि घरातली माणसे तिच्याभोवती उभी राहून तिचा निकाल लावतात. मोडकी छत्री जाते. समई राहते, चिंचेने घासून ती पुन्हा देवापुढे उभी राहते. अडकित्ता राहतो, कारण त्याची धार अजून शाबूत आहे. पण काही वस्तूंचा निकालच लागत नाही. त्या टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. लाकडी पेटीचा, पुढे जाळीदार कापड लावलेला, मोठ्या बटणांचा जुना रेडिओ हा असल्या वस्तूंचा राजा. त्याच्यावरची धूळ पुसली जाते, कापडावरून हात फिरवला जातो, आणि मग कोणीतरी उत्साहाने म्हणते, “लावून बघू या का? चालतही असेल कदाचित!”

हे वाक्य इतके निरागस आहे की त्यात एखादा नैतिक प्रश्न दडला असेल असे कोणाला वाटणार नाही. मला तो दिसतो; म्हणून हा लेखनप्रपंच.

मी सोनईस राहतो आणि बरीच वर्षे घरच्या घरी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. हा माझा धंदा नव्हे, छंद आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाची घाई माझ्यामागे नसते. पण छंदाचा एक तोटा असा, की त्यात पैसा नसल्यामुळे माणूस जबाबदारीचा हिशेबही विसरू शकतो. “फुकट तर करून दिले, आता आणखी काय?” असे म्हणायला मन तयारच असते. विजेला मात्र फुकटचे आणि विकतचे यांतला फरक कळत नाही.

नव्या पिढीला या यंत्राची ओळख नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. आजचा खिशातला रेडिओ तीन, सहा किंवा नऊ व्होल्टांच्या सेलवर चालतो. तो उघडून आत बोट घातले तरी काही होत नाही. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. नळीतली हवा काढून टाकलेली, आत एक बारीक तंतू. तो तापून लालसर झाला की त्याच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि त्यांना समोरच्या पट्टीकडे ओढून घेण्यासाठी त्या पट्टीवर दोनशे-अडीचशे व्होल्टांचा दाब ठेवावा लागतो. इंग्लंडात फ्लेमिंगने 1904 साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला. 1906 च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरे अग्र घातले. आणि पुढे अर्धे शतक जगाचे गाणे, बातम्या आणि भाषणे या काचेच्या नळ्यांतून वाहिली.

त्या काळी काही शहरांत वीज एकदिश असे, काही ठिकाणी प्रत्यावर्ती. म्हणजे कुठे डी. सी. तर कुठे ए. सी. एकच संच दोन्हीकडे चालावा म्हणून कारखानदारांनी ट्रान्सफॉर्मर काढून टाकलेले स्वस्त संच केले. त्यांतल्या एका प्रचलित पद्धतीत पाच व्हॉल्व्हचे तंतू दिवाळीतल्या विजेच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असत. त्यांचे व्होल्ट 14, 12.6, 14, 45 आणि 31. बेरीज सुमारे 117. उरलेले शंभराहून अधिक व्होल्ट एका रेझिस्टन्समध्ये नुसती उष्णता होऊन जात. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझावी, तसा एक तंतू तुटला की सगळा रेडिओ गार. इथपर्यंत हे गमतीचे आहे. पुढचे गमतीचे नाही. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतला लोखंडी पत्र्याचा सांगाडा, ज्याला कारागीर चासी म्हणतात, तो घरच्या विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. प्लग दोन पिनांचा. तो उलटाही बसे आणि सुलटाही. एका बाजूने बसला तर चासी निरुपद्रवी, दुसऱ्या बाजूने बसला तर तिच्यावर पुरते 230 व्होल्ट. माणूस आणि मरण यांच्यामध्ये लाकडी पेटी, बेकेलाइटची बटणे आणि मागचा पुठ्ठा एवढाच आडोसा. बटण निखळले की धातूचा दांडा उघडा. पुठ्ठा गेला की सगळेच उघडे.

ही नव्या संचाची गोष्ट झाली. साठ-सत्तर वर्षांनी त्यात वार्धक्याची भर पडते. तारेवरचे रबर कडक होऊन भुगा होते. मेणकागदाचे कंडेन्सर झिरपू लागतात. त्यांतला एक विशिष्ट कंडेन्सर झिरपला की शेवटचा व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो आणि त्याच्याबरोबर आवाजाचा ट्रान्सफॉर्मरही जळतो. मोठे कंडेन्सर आतून वाळतात आणि अचानक दाब आला तर फुटूही शकतात. म्हणजे “लावून बघू या का?” या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की माळ्यावरून काढलेला रेडिओ नुसता प्लग घालून लावून बघण्याची वस्तूच नव्हे. त्या एका मिनिटात रेडिओ तरी मरू शकतो, नाहीतर त्याला हात लावणारा.

मग लोक असल्या संचाच्या मागे का लागतात? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले आणि पुण्याचे 2 ऑक्टोबर 1953 रोजी. 1956 साली याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. त्या प्रयोगातल्या पाच जिल्ह्यांत आपला तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हाही होता. आठवड्यातून दोनदा गावातली माणसे एका संचाभोवती बसत, अर्धा तास ऐकत, आणि मग ऐकलेल्यावर आपसांत बोलत. वीज नसलेल्या गावांत नव्वद व्होल्टांच्या जड बॅटरीवर रेडिओ चालत. संच बाळगायचा तर परवाना लागे. त्याचे वार्षिक पैसे टपाल कचेरीत भरावे लागत, आणि ही पद्धत 1980 च्या दशकापर्यंत टिकली. इतक्या कष्टाने घरात आलेली वस्तू नुसती वस्तू राहत नाही. ती घरातल्या कर्त्या माणसाची जागा होते. कोणी केव्हा लावायचा, कान कोणी पिळायचा, बातम्यांच्या वेळी कोणी गप्प बसायचे, हे सगळे ठरलेले असे. तो आवाज परत यावा असे वाटणे म्हणजे ती बैठक परत यावी असे वाटणे होय. या इच्छेला मी हसणार नाही.

पण इथेच आपला प्रश्न उभा राहतो. जुन्या रेडिओला बोलता करायचे तर त्यातले बरेच काही बदलावे लागते. मग बदलल्यावर तो तोच राहतो का?

प्रश्न जुना आहे. थीसियसच्या नौकेची कुजलेली फळी काढून अथेन्सचे लोक तिथे नवी बसवीत, आणि सगळ्या फळ्या बदलल्यावर नौका तीच की दुसरी यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजाला विचारतो, की रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे त्या सगळ्या जुळणीला दिलेले नाव ठरते. विचार म्हणून हे उत्तम आहे. परंतु मला या प्रश्नाचे उत्तर अथेन्समध्येही मिळाले नाही आणि राजसभेतही नाही; ते स्वयंपाकघरात मिळाले.

आपल्या घरांत पितळेची पातेली असत. दर काही महिन्यांनी कल्हईवाला येई, भाता मांडी, भांडे लाल तापवून नवसागर टाकी आणि कथलाचा चकचकीत हात फिरवी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळके, खाणाऱ्याला बाधे. म्हणून कोणतीही सुगृहिणी कल्हईची टाळाटाळ करीत नसे. आता बघा, अन्नाला प्रत्यक्ष लागणारा भाग दर वेळी नवा. पण म्हणून पातेले आजेसासूबाईंचे राहिले नाही असे कोणी म्हणाले का? उलट कल्हई न करता तशाच भांड्यात कोणी आमटी वाढली असती, आणि “मूळचे सौंदर्य जपले आहे” असे म्हटले असते, तर पंगतीने काय म्हटले असते ते सांगायला नको. जुन्याची निगा म्हणजे जुन्याचा हट्ट नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. भांडे जपायचे ते जेवणाऱ्यासकट जपायचे.

विचार म्हणून हे सोपे वाटते. माणूस समोर उभा राहिला म्हणजे इतके सोपे राहत नाही.

काही वर्षांपूर्वी पंचक्रोशीतल्या एका शेतकरी घरातला संच माझ्याकडे आला. घरातले मोठे गृहस्थ मुंबईस गिरणीत असताना त्यांनी तो घेतलेला, आणि गावी परतताना वळकटीबरोबर आणलेला. ते आता हयात नव्हते. त्यांचा पन्नाशीचा मुलगा संच घेऊन आला होता. बरोबर म्हातारी आई, आणि तिचे बोट धरून तीन-चार वर्षांचा पणतू.

“गुरुजी, दादांचा रेडिओ आहे,” तो म्हणाला. “आहे तस्सा चालू करून द्या. एकसुद्धा पार्ट बदलायचा नाही बघा. वायरसुद्धा तीच राहू द्या. दादांनी सोताच्या हातानं लावलेली आहे.”

“चालू केल्यावर ठेवणार कुठं?”

“पडवीत. आईला तिथनं ऐकू येतं.”

“आणि मागचा पुठ्ठा?”

“तो उंदरांनी कवाच खाल्ला.”

मी वायर हातात घेतली. वर सुती विणकाम, आत रबर. जरा वाकवताच विणीतून काळा भुगा गळाला. संच वर सांगितलेल्या पाच व्हॉल्व्हच्या माळेचा. मी त्याला सगळे समजावून सांगितले. तो ऐकत होता, पण पटत नव्हते. त्याच्या लेखी मी वडिलांची खूण पुसायला निघालो होतो. इतका वेळ गप्प बसलेली आई तेवढ्यात म्हणाली, “गुरुजी, हे पोरगं हात लावीलच त्याला. लावला तर चालंल ना?”

मुलगा गेलेल्या माणसाच्या बाजूने बोलत होता. आई येणाऱ्या माणसाच्या बाजूने. दोन्ही प्रेमच. पण दोन प्रेमांचा तंटा लागला तर कोणाचे म्हणणे आधी ऐकावे? मला वाटते, जो गेला त्याचे आता काही बिघडायचे राहिलेले नाही. जो हात लावणार त्याचे सगळेच बिघडू शकते. शिवाय मोठ्या माणसाला धोका सांगता येतो आणि तो पत्करायचा की नाही हे तो ठरवू शकतो. मुलाला हा प्रश्न विचारलेलाच नसतो. घरातली प्रत्येक वस्तू आपल्या ओळखीची आणि आपल्या बाजूची आहे, असे धरूनच ते चालत असते. वस्तू मुलाच्या आजोबांची असली तरी धोका त्या मुलाचा आहे. आणि दुसऱ्याच्या वाट्याचा धोका आपल्या भावनेसाठी पत्करण्याचा अधिकार मालकालाही नाही.

सोनईहून पाच-सहा किलोमीटरांवर शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारे-कुलुपे न लावण्याची रीत सर्वश्रुत आहे. 2011 साली एका बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. त्या रीतीमागे गावकऱ्यांची श्रद्धा आहे आणि ती त्यांनी पिढ्यानपिढ्या पाळली आहे. आमच्या भागातला माणूस म्हणूनच कधी कधी सहज बोलून जातो, “काही होत नाही हो, देव बघतो!” देवाचे मला ठाऊक नाही, पण वीज त्या करारात सामील नाही. चोराला भय वाटते, लाज वाटते, पश्चात्तापही होतो. तारेतल्या प्रवाहाला यांतले काहीच होत नाही. उघड्या दाराचे घर असू शकते. उघड्या पाठीचा रेडिओ असू नये.

मी त्या गृहस्थांना सांगितले, “दादा, दोनच प्रामाणिक वाटा आहेत. रेडिओ जसा आहे तसाच हवा असेल तर तसाच न्या, पण मुका न्या. ही वायर मी तुमच्यादेखत काढून देतो. नाहीतर तो बोलका हवा असेल, तर मला बदलू द्या. जसाच्या तसा आणि बोलका, असा मी देणार नाही.”

वस्तुसंग्रहालयात पहिली वाट धरतात, आणि ते योग्यच आहे. तिथला रेडिओ हा पुरावा असतो. त्याने बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. दुसरी वाट घरची. दोन्हींत प्रामाणिकपणा आहे. तिसरी मात्र दिसायला सर्वांत भावुक आणि करायला सर्वांत स्वस्त असते. म्हणून तिचाच मोह पडतो. त्या गृहस्थांनी बराच वेळ विचार केला आणि पहिली वाट घेतली. वायर काढलेला संच काखेत मारून ते गेले. जाताना ते नाराज होते. मला त्याचे वाईट वाटले. पण त्या संध्याकाळी मी स्वस्थ जेवलो.

आता प्रश्नाचा दुसरा पदर. बदल करायचा ठरला तर तो लपवावा की दाखवावा?

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांत एक नाजूक हस्तकौशल्य आहे. जुन्या मेणकागदी कंडेन्सरची नळी हलकेच पोकळ करायची, आत आजचा लहानसा कंडेन्सर बसवायचा, आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की सगळे मूळचेच आहे. हे रफूचे काम होय. उत्तम रफूगार शालीची भोके अशी बुजवतो की धाग्याला धागा मिळून जातो. याच्या उलट आपल्या घरची गोधडी. तिच्यावर ठिगळ दिसते, आजीच्या लुगड्याचे कुठले आणि काकांच्या सदऱ्याचे कुठले हे बोट ठेवून सांगता येते. रफू म्हणते, काही झालेच नव्हते. ठिगळ म्हणते, इथे फाटले होते आणि इथे शिवले.

रफूला मी खोटेपणा म्हणणार नाही. शालीला ते शोभते, कारण शालीचे भोक बुजवल्याचे ठाऊक नसले तरी पांघरणाऱ्याला इजा होत नाही. पण यंत्राचे तसे नाही. उद्या तो रेडिओ दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, त्याने आत डोकावून सगळे जुनेच दिसते म्हणून एक गोष्ट गृहीत धरली, किंवा कोणी तो ‘अस्सल’ म्हणून चढ्या भावाने विकला, तर माझे कौशल्य त्याला फसवील. मी म्हणून रफू करतो, पण त्याशेजारी ठिगळही लावतो. आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो: कोणता भाग बदलला, काय घातले, कोणत्या दिवशी. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत देतो. पेटीचा चेहरा जुना राहतो आणि पोटातला हिशेब उघडा राहतो.

यालाही आमच्याच तालुक्यात एक थोर दाखला आहे. सोनई नेवासे तालुक्यात, आणि नेवाशास शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षे ती हातांनी उतरली गेली. नकलकारांच्या हातून शब्द चुकले, पाठ बदलले. शके 1506 मध्ये, 1584 साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी तो ग्रंथ शुद्ध केला. मला या प्रसंगातल्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, त्यांनी आपले काम लपवले नाही. ग्रंथ बिघडला होता आणि आपण तो अमुक शकात शुद्ध केला, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतः नोंदवून ठेवले. दुसरी, एवढा मोठा कवी असूनही त्यांनी ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात आपले काव्य मिसळले नाही, आणि दुसऱ्या कोणी मिसळू नये असे बजावले. बिघडलेले दुरुस्त करावे, केलेले सांगावे, आणि आपले घुसडू नये: जीर्णोद्धाराचे सगळे शास्त्र यात आले.

तिसऱ्या नियमाचा भंग रेडिओच्या बाबतीत हल्ली फार पाहतो. जुनी पेटी घ्यायची, आतले व्हॉल्व्ह, कॉइल, सगळे उपसून भंगारात टाकायचे, आणि मोबाइलवरची गाणी वाजवणारा तयार तुकडा आत ठोकायचा. हा रेडिओ सुरक्षित असतो, हे मान्य. पण तो रेडिओच नसतो. त्यापेक्षा मुका मूळचा बरा. सुरक्षिततेच्या नावाखाली सगळेच टाकून देणे ही निष्ठा नव्हे, आणि निष्ठेच्या नावाखाली सडलेली तार ठेवणे हेही प्रेम नव्हे. या दोहोंमधली वाट शोधायला डोके आणि वेळ लागतो, म्हणून ती ओस पडते.

ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांच्यासाठी कामाच्या मेजावरचे नियमही सांगतो. कारण नीती ही शेवटी हाताच्या सवयींतच राहते. आधी प्लग काढावा, आणि काढल्यावरही संच मेला असे समजू नये. मोठे कंडेन्सर वीज साठवून ठेवतात. योग्य रेझिस्टन्समधून ती उतरू द्यावी आणि मीटर लावून खात्री करावी, मगच हात घालावा. चालू संचात मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाहाला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, वाट मिळत नाही. अंगठी-घड्याळ काढावे, जमीन कोरडी असावी, आणि घरात दुसरे शहाणे माणूस जागे असावे. पहिल्यांदा वीज देताना संचाच्या आधी एक बल्ब मालिकेत जोडावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो आणि संच वाचतो. मात्र हा बल्ब संचाला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. घरच्या विजेची एक तार जमिनीशी जोडलेली असते, म्हणून दुसरीला हात लागताच जमिनीवर उभ्या माणसातून मंडल पुरे होते. या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या तारांचा जमिनीशी संबंध नसतो, म्हणून एका तारेचा स्पर्श घात करीत नाही. दोन्ही तारा एकदम धरल्या तर मात्र तोही काही करू शकत नाही. घराच्या फलकावर तीस मिलिअँपिअर गळतीला तुटणारी कळ जरूर असावी. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसणारा धक्का तिला कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे प्रत्येक साधनाला मर्यादा आहे. आणि ती ठाऊक असणे हेच खरे साधन.

आणि ज्यांना यांतले काही येत नाही त्यांनी काय करावे? धूळ पुसावी, पेटीला पॉलिश करावे, संच पडवीत ठेवावा, प्लग भिंतीत घालू नये. जाणकार मिळेपर्यंत थांबावे. जी वस्तू सत्तर वर्षे थांबली ती आणखी एक दिवाळी थांबेल.

त्या शेतकरी गृहस्थांचा संच वर्षभर त्यांच्या पडवीत मुका बसला. पुढच्या दसऱ्याला ते तो घेऊन पुन्हा आले. “आई म्हणती, बदला काय बदलायचं ते,” एवढेच म्हणाले. मी तार बदलली, फ्यूज घातला, झिरपणारे कंडेन्सर बदलले, विजेच्या तारेशी येणाऱ्या जागी त्याच कामासाठी केलेला सुरक्षित जातीचा कंडेन्सर बसवला, मागे भोके पाडलेला नवा पुठ्ठा स्क्रूने आवळला आणि संचासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची वेगळी बंद पेटी केली. व्हॉल्व्ह पाचही मूळचेच निघाले. तबकडीची काच तीच, बटणे तीच. उजव्या बटणाची एक कड बोटाने झिजलेली होती. ती मी तशीच ठेवली. पेटीच्या आत वडिलांनी पेन्सिलीने केंद्रांच्या खुणा केलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. तोही जागच्या जागी.

तबकडीवर छापलेल्या कित्येक केंद्रांचे आवाज आता त्या लहरींवर नाहीत, आणि एफ. एम. या संचाला कळत नाही. तरी रात्री मध्यम लहरी दूरवर जातात. त्या रात्री खरखरीतून एक दूरचे केंद्र लागले. भाषा नीट कळत नव्हती, पण गाणे होते. आजी ऐकत बसल्या. पणतवाने बटणाला हात घातला, आणि त्याला कोणी ओरडले नाही.

जुन्या वस्तूवर आपले खरोखर प्रेम आहे की नाही, याची परीक्षा मला तरी अशीच घ्यावीशी वाटते. आपल्या पश्चात तिला कोण हात लावील, हे आपण आठवले का? त्याला कळेल असे लिहून ठेवले का? पेटीच्या आत चिकटवलेला तो कागद बाहेरून कोणाला दिसत नाही. आणखी तीस वर्षांनी कोणी अनोळखी माणूस स्क्रू काढील आणि वाचील. त्याला माझे नाव समजण्याचे काही कारण नाही. कोणत्या तारेला भिऊन राहायचे आणि कोणत्या तारेवर भरवसा ठेवायचा, एवढे समजले म्हणजे पुरे.